आभाळाचा धुरा

पातूरच्या रस्त्याकडेच्या त्या वावरात आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. कपाशीची पऱ्हाटी कमरेला लागत होती, पानांवरचं दव अजून उतरलं नव्हतं. माझी भाची टेम्पोच्या फाळक्यावर बसून मोबाइलवर नकाशा उघडत होती. तिचे मोठे बाबा, म्हणजे थोरले काका, धुऱ्यावरच्या लिंबाखाली उभे राहून तिच्याकडे पाहत होते. कालपासून दोघांचं धड बोलणं नव्हतं.

"सांगा बरं गुरुजी," मला पाहताच त्यांनी सुरू केलं. "सख्ख्या आत्याचं वावर. बोंडअळी लागली हाये. ड्रोन गाडीत, औषध गाडीत, अन् हे पोरगी वावर पाहून वापस आली. काहून? तं म्हणे आभाय पिवळं हाये!"

आत्याचं वावर अमरावतीजवळ, बेलोरा विमानतळाच्या भिंतीपासून चारेक किलोमीटरवर. भाची रिमोट पायलट आहे. प्रशिक्षण पूर्ण करून तिने दहा वर्षांचं प्रमाणपत्र मिळवलंय आणि दोन हंगामांपासून ती गावोगाव फवारणी करते. मी आयुष्यभर भूगोल शिकवला, म्हणून की काय, दोघांनीही मला पंच करून टाकलं होतं. पंचाचं काम मला जमलं नाही, हे आधीच सांगतो. पण त्या दिवशी धुऱ्यावर जे बोलणं झालं ते ड्रोन उडवणाऱ्या आणि उडवून घेणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर जावं असं मला मनापासून वाटतं.

"मामा, तुम्ही नकाशा पाहा," भाचीने मोबाइल माझ्या हातात दिला. केंद्र सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरचा हवाई नकाशा. २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन नियम निघाले आणि महिन्याभरात, २४ सप्टेंबरला, हा नकाशा आला. सगळ्या देशाचं आभाळ तीन रंगांत वाटलेलं. हिरवं, पिवळं, लाल.

"आपण आता उभे आहो ते हिरव्यात. इथं जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, कोणाला विचारायचं काम नाही. त्याच्यावर गेलं की हेच आभाळ पिवळं होतं. पिवळ्यात विमानतळाच्या हवाई नियंत्रणाची आधी परवानगी लागते. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाहीच."

"अन् बेलोऱ्याले?"

"चालू विमानतळाच्या भिंतीपासून ८ किलोमीटरपर्यंत जमिनीपासूनच पिवळं. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवं, वर पिवळं. आत्याचं वावर पहिल्या कड्यात येतं."

मोठे बाबा हसले नाहीत. खाली वाकून त्यांनी पऱ्हाटीचं एक पान उलटं करून पाहिलं आणि उठून म्हणाले, "बेलोऱ्याची ते धावपट्टी किती वर्सं मोकयी पडून होती, सांग. आम्ही बैलगाडी घिऊन तिच्या कडेकडेनं गेलो. तवा आभाय कोन्या रंगाचं होतं?"

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. बेलोऱ्यावरून प्रवासी विमानसेवा सुरू झाली १६ एप्रिल २०२५ ला. मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआर विमान उतरलं आणि १८५० मीटरची ती धावपट्टी खऱ्या अर्थाने जागी झाली. इकडे अकोल्याचा शिवणी विमानतळ १९४३ सालचा, कृषी विद्यापीठाला खेटून असलेला. धावपट्टी वाढवायची तर विद्यापीठाची जमीन हवी, हा विषय आम्ही कित्येक वर्षं वर्तमानपत्रांत वाचतोय. रोजचं प्रवासी विमान मात्र आलेलं नाही. एकाच वऱ्हाडात दोन विमानतळ, एक जागा झालेला, एक वाट पाहणारा. त्यामुळे इथल्या माणसाला आभाळ कायम रिकामंच दिसत आलं आहे. मोठ्या बाबांचा युक्तिवाद त्या रिकाम्या आभाळातून आलेला होता आणि त्यात खोटं काही नव्हतं.

"तेव्हाचं तेव्हा," भाची म्हणाली. "म्हणूनच उडवायच्या आधी दरवेळी नकाशा पाहाच, असं नियमात आहे. काल हिरवं होतं म्हणून आज हिरवंच असंल असं नाही. शिवणीचंही तसंच. विमान येत नाही असं आपण म्हणतो, पण मंत्र्याचं विमान येतं, हेलिकॉप्टर येतं. ते आपल्याला विचारून येत नाही."

मग मोठे बाबा मुद्द्यावर आले. सातबारा त्यांच्या नावावर, विहीर त्यांची, लिंब त्यांच्या वडिलांनी लावलेला. "मंग वावराच्या वरचं आभाय कोनाचं? माह्या पऱ्हाटीच्या वर दोन हात उडनाऱ्या यंत्राले दिल्लीचा नकाशा काहून पाह्यजे?"

इथे मला बोलावंसं वाटलं, कारण त्यांच्या आधी अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याचा हाच प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. नॉर्थ कॅरोलायनामधला कॉस्बी नावाचा माणूस, कोंबड्या पाळायचा. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या विमानतळावरून लष्करी विमानं त्याच्या जागेवरून अवघ्या ८३ फुटांवरून जायला लागली. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मेल्या आणि त्याचा धंदा बसला. १९४६ साली निकाल आला. जमीन ज्याची त्याचं वरचं आभाळ अनंतापर्यंत, ही जुनी समजूत न्यायालयाने मोडीत काढली. वरचं आभाळ ही सार्वजनिक वाट आहे, असं म्हटलं. पण त्याच निकालात हेही म्हटलं की जमिनीलगतचं जेवढं आभाळ मालक खरोखर वापरू शकतो तेवढ्यावर त्याचा हक्क आहे, आणि कॉस्बीला भरपाई मिळाली पाहिजे.

"पाह्यलं?" मोठे बाबा भाचीकडे वळले. "कोंबड्यावाला जितला."

"अर्धा जिंकला, भाऊ," मी म्हणालो. आपल्याकडे १९३४ च्या विमान कायद्यातच होतं की वाजवी उंचीवरून विमान गेलं एवढ्याच कारणावरून अतिक्रमणाचा दावा लावता येणार नाही. त्या कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे, १ जानेवारी २०२५ पासून. आणि देशावरच्या आभाळावर त्या देशाची पूर्ण सत्ता, हे १९४४ च्या शिकागो करारातलं पहिलंच कलम. सातबारा जमिनीचा असतो. आभाळाची नोंद सरकारच्या दप्तरी.

विमानवाल्यांसाठी हे दप्तर अक्षरांत लिहिलेलं आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे आभाळाचे ए पासून जी पर्यंत सात वर्ग. ए मध्ये फक्त उपकरणांच्या आधारे उडणारी विमानं आणि प्रत्येकावर नियंत्रकाचा हुकूम. तिथून खाली येत येत जी म्हणजे अनियंत्रित आभाळ. अमेरिकेत धंद्यासाठी ड्रोन उडवणाऱ्याला ही अक्षरं पाठ करावी लागतात, कारण तिथे जी मध्ये ४०० फुटांपर्यंत मोकळीक आणि बी, सी, डी आणि विमानतळाभोवती जमिनीला टेकलेल्या ई मध्ये परवानगी. आपल्याकडे ड्रोनवाल्याला अक्षरांऐवजी रंग दिले. मला हे शहाणपणाचं वाटतं. दहावी पास झालेली, गावात राहून फवारणी करणारी मुलगी रंग बघून निर्णय घेऊ शकते. पण रंग सोपे झाले म्हणून त्यांच्यामागचं कारण सांगायची जबाबदारी संपत नाही, आणि मोठ्या बाबांची खरी तक्रार तीच होती. त्यांना रंग सांगितला होता, कारण कोणी सांगितलं नव्हतं.

मी काडी घेतली आणि धुऱ्यावरच्या मातीत एक रेघ ओढली. विमान उतरतं ते साधारण ३ अंशांच्या उतारावरून. म्हणजे धावपट्टीपासून एक किलोमीटर दूर असताना ते ढोबळ मानाने ५२ मीटर उंच, १७० फूट. दोन किलोमीटरवर ३४० फूट. चार किलोमीटरवर ६९० फुटांच्या आसपास.

मोठे बाबा खाली बसले. रेघ नीट पाहिली. "आत्याचं वावर चार किलोमीटर. इमान सातशे फुटांवर, ड्रोन दहा फुटांवर. मधात सहाशे नव्वद फूट रिकामं. कोन कोनाले धडकते?"

खरं सांगायचं तर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. माझ्या आकड्यांनी त्यांचीच बाजू भक्कम केली होती. उत्तर भाचीने दिलं, आणि ते भूगोलाच्या पुस्तकातलं नव्हतं.

"मागच्या वर्षी बाळापूरकडे फवारत होते. टाकीत चार लिटर औषध उरलं होतं. एकाएकी रिमोटवर सिग्नल गेला. ड्रोन थांबला आणि सरळ वर चढायला लागला. मी स्टिक खाली ओढतेय, तो वर जातोय. सिग्नल गेला की ठरलेल्या उंचीवर चढायचं आणि निघाल्या जागी परत यायचं, हे त्याच्या डोक्यात भरलेलं असतं. ती उंची मीच टाकली होती, तीस मीटर, कारण शेजारी विजेची तार होती. तो आपला आपण परत आला, उतरला. पण त्या दीड मिनिटात माझ्या हातात काही नव्हतं, मोठे बाबा. दहा फुटांवरचं यंत्र शंभर फुटांवर होतं आणि मी नुसती बघत होते."

"तं उंची कमी टाक. दहा मीटर."

"टाकली. पण टॉवरमधल्या माणसाला ते माहीत नाही. मी तिथं आहे हेच त्याला माहीत नाही. आणि सगळी विमानं मामांच्या रेघेवरून येत नाहीत."

हे शेवटचं वाक्य बेलोऱ्याला विशेष लागू आहे. एअर इंडियाने २०२४ साली तिथे वैमानिक प्रशिक्षण संस्था जाहीर केली, ३४ शिकाऊ विमानं आणि वर्षाला १८० वैमानिक या हिशेबाने. शिकाऊ विमान लहान असतं, विमानतळाभोवती घिरट्या घालतं, उतरता उतरता पुन्हा वर उठतं. इंजिन बंद पडलं तर कुठे टेकायचं, याचा सराव शेताडीकडे पाहूनच होतो. अशा विमानात बहुधा विशीतलं पोर बसलेलं असतं. समोर पंचवीस किलोच्या आतबाहेरचं सहा पात्यांचं यंत्र अचानक वर आलं तर त्याने काय करायचं? नियमाने वाट द्यायची ती ड्रोनने, माणूस बसलेल्या विमानाला आधी हक्क. पण सिग्नल तुटलेला ड्रोन कोणाला वाट देणार?

मोठे बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विषय थोडा बाजूला नेला. "शेजाऱ्याच्या वावरातून गाडी न्यायची असली तं आम्ही पह्यले आवाज देतो. उभं पीक असलं तं धुऱ्याधुऱ्यानं जातो. वहिवाट असली तरी आवाज देतो."

"तेच आहे," भाची म्हणाली. "पिवळ्यात नाही म्हणत नाहीत. आवाज देऊन या म्हणतात."

मला वाटतं त्या सकाळचं सगळं बोलणं या एका शब्दापाशी येऊन थांबलं. परवानगी हा शब्द आपल्या कानाला कचेरीचा वाटतो, खेटे आणि शिक्के आठवतात. पिवळ्या आभाळातली परवानगी मुळात एक निरोप आहे: अमुक जागी, अमुक वेळी, अमुक उंचीवर माझं यंत्र आहे. तो निरोप टॉवरपर्यंत गेला की ते आभाळ दोघांनाही वापरता येतं. न सांगता उडवलं तर नियमाप्रमाणे एक लाखापर्यंत दंड आहे, पण भाचीच्या तोंडून मी दंडाचा उल्लेख एकदाही ऐकला नाही.

एक गोष्ट इथे जाता जाता. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मुलांमध्ये एक समज पक्का आहे की ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला की त्याला कसलाच नियम नाही. प्रमाणपत्र लागत नाही, हे खरं. रंग मात्र त्यालाही तेवढेच लागू आहेत. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी अकोल्याच्या राजराजेश्वराला निघतात, तेव्हा असे छोटे ड्रोन वर दिसतात. बंदोबस्तासाठी पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करू शकतो. सकाळी हिरवं असलेलं आभाळ संध्याकाळी लाल असू शकतं. आणि नरनाळ्याला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की किल्ला अभयारण्यात आहे, मेळघाटच्या वाघांच्या मुलुखात. तिथे हवाई नकाशा काहीही म्हणो, वनखात्याला विचारल्याशिवाय ड्रोन पेटीतून काढू नये. तिथे उंचीचीही फसगत होते. पडद्यावर दिसते ती उंची ड्रोन जिथून उडाला तिथून मोजलेली असते. पायथ्याहून उडवून डोंगराच्या अंगाने वर नेलं तर आकडा मोठा आणि जमीन जवळ. कड्यावरून उडवून दरीवर नेलं तर आकडा ८० आणि खाली प्रत्यक्षात ३०० मीटरची पोकळी. नियमातले ४०० फूट जमिनीपासूनचे आहेत. विमानातला वैमानिक मात्र समुद्रसपाटीपासून मोजतो. शिवणीच्या धावपट्टीवर उभ्या विमानाचं यंत्र हजार फुटांच्या आसपास दाखवतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी समोच्च रेषा शिकवल्या त्या इतक्या कामाच्या ठरतील असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

पुन्हा वावरात येतो. मोठ्या बाबांनी निरोपाची गोष्ट मान्य केली, पण हार मानली नाही, आणि पुढे ते जे बोलले ते मला आजही खोडता येत नाही.

"आवाज देतो म्हनता. बरं. पन शेजारी ओ देते तवा गाडी निंगते. इथं ओ कवा येते? अळी बोंडात शिरल्यावर? पऱ्हाटीचा फवारा तीन दिवस हुकला का गेला. बेलोऱ्याजवय ज्याचं वावर हाये त्यानं काय पाप केलं? इमानतळ मुंबईले जानाऱ्याइचा, अन् अडचन माह्या बहिनीची."

२०१७ चा हंगाम त्यांच्या बोलण्यामागे होता. गुलाबी बोंडअळीने त्या वर्षी वऱ्हाडातलं पांढरं सोनं खाऊन टाकलं. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पाठीवरच्या पंपाने फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. मोठ्या बाबांचा सालदारही तेव्हा आठ दिवस दवाखान्यात होता, डोळ्यांना दिसेनासं झालेलं. तो वाचला. त्या दिवसापासून मोठ्या बाबांनी घरात कोणाला पाठीवर पंप घेऊ दिला नाही आणि पुतणीने ड्रोन शिकायचं म्हटलं तेव्हा सगळ्यात आधी होकार त्यांचा होता. ज्या यंत्राने माणसाला विषापासून लांब नेलं तेच यंत्र भिंतीजवळच्या वावरात अडून राहतं, आणि पंप पुन्हा कोणाच्या तरी पाठीवर चढतो. हे त्यांचं दुःख होतं.

माझं मत मी तिथेच सांगितलं, इथेही सांगतो. भाची परत आली ते बरोबरच केलं. पण शेतीच्या फवारणीसाठी, दहा-पंधरा फुटांच्या उंचीसाठी, पिवळ्या पट्ट्यातल्या गावांना हंगामाच्या आधीच ठरावीक वेळा बांधून द्यायला हव्यात. विमानाचं वेळापत्रक टॉवरला माहीत असतं, फवारणीचा हंगाम कृषी खात्याला. पहाटे साडेपाच ते आठ या वेळात अमुक गटांवर अमुक उंचीपर्यंत फवारणी, असं दोघांनी बसून ठरवणं अवघड नाही. सरकार बचत गटांतल्या बायांना ड्रोन घ्यायला ८० टक्के, म्हणजे ८ लाखांपर्यंत अनुदान देतं. त्या बाईचं गाव विमानतळाजवळ असलं तर तिला आभाळही वेळेवर मिळालं पाहिजे.

"हे तुमी कागदावर लिवा गुरुजी," मोठे बाबा म्हणाले. म्हणून लिहितो आहे.

तोवर दव उतरलं होतं. भाचीने चिमूटभर माती वर उडवून वाऱ्याची दिशा पाहिली. ड्रोनच्या सहा भुजा उघडून एकेक खटका लावला, बॅटऱ्या बसवल्या, लिंबाच्या शेंड्याकडे पाहून परतीची उंची बदलली. टाकीत दहा लिटर. मोठे बाबा एकराला दहा पंप मारायचे, तिथे आता ही एक टाकी. यंत्र उठलं तसा पात्यांचा वारा पऱ्हाटीवर आदळला, पानं एकदम उलटी झाली आणि त्यांची फिकट बाजू पाण्यावरच्या लाटेसारखी पुढे पुढे सरकत गेली. अळी त्या पानांआडच असते, पात्या-फुलांत. सात-आठ मिनिटांत एकर झाला. या वेळात भाचीने एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही, तिची नजर ड्रोनवरच होती.

तो खाली बसल्यावर तिने आत्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आत्या, अर्ज टाकला मी रात्रीच. गट नंबर, वेळ, उंची, सगळं दिलं."

"अन् किती दिवस लागन वं?"

"ते मला सांगता नाही येत."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मागे कुठेतरी म्हैस हंबरली. मग आत्या म्हणाली, "धुऱ्याकडच्या चार तासांत लय हाये अळी. तेवढ्या पंपानं मारून घेऊ का मंग? गडी भेटते."

भाचीने मोठ्या बाबांकडे पाहिलं. त्यांनी फोन तिच्या हातातून घेतला.

"कोनाले सांगू नको," ते म्हणाले. "दुपारच्या एसटीनं मी येतो. हातमोजे अन् तोंडाचं ते पोरीजवयचं घिऊन येतो. चार तासाच मारू, वारा पाठीमागून घेऊन. बाकीचं पोरगी आल्यावर."

फोन ठेवून ते टेम्पोकडे गेले आणि भाचीच्या पेटीतून मास्क काढून त्याचे पट्टे ओढून पाहायला लागले.